पहिल्या वर्षी बाण सोडू नये

आमच्या मंडळाच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत माझ्या भाच्याचे एक छायाचित्र हातोहात फिरले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तो गेली अकरा वर्षे नोकरी करतो. छायाचित्रात तो झाडावरच्या मचाणावर बसलेला आहे, अंगात पानांच्या नक्षीचे कपडे आणि हातात चाकांचे धनुष्य. हरणाच्या शिकारीला निघाला होता. बैठकीत लगेच दोन पक्ष पडले. एका पक्षाने ‘शिव शिव’ म्हणून छायाचित्र पुढे सरकवले. दुसरा पक्ष भारावला. बंदुकीपेक्षा धनुष्य केव्हाही बरे, त्यात जनावराला संधी मिळते, हातात कसब लागते, आपल्या पूर्वजांची हीच विद्या होती, असे त्या पक्षाचे म्हणणे पडले.

पहिल्या पक्षाशी माझे भांडण थोडेच आहे. मी स्वतः मांसाहार करत नाही. पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहणाऱ्याने हरणासाठी डोळ्यांत पाणी आणावे, हे मला पटत नाही. शिवाय तिकडच्या हरणाची स्थिती आपल्याकडच्यासारखी नाही. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आले होते. कायदे झाले, हंगाम ठरले, लांडगा आणि पुमा यांसारखे त्याचे वैरी माणसाने आधीच बहुतेक ठिकाणांहून संपवले होते, आणि आज त्याची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. जंगलातील कोवळी रोपे ते वाढू देत नाही आणि रस्त्यांवर मोटारींना धडकते. विस्कॉन्सिनमध्ये तर २००२पासून हरणांच्या मेंदूचा क्षय करणारा एक असाध्य रोगही पसरत आहे. लांडगे संपले की हरणे डोंगर कसा बोडका करतात, हे अल्डो लिओपोल्ड यांनी त्याच राज्यात राहून लिहून ठेवले. त्यांचे पुस्तक १९४९ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. लिओपोल्ड स्वतः धनुष्याने शिकार करत आणि त्यांच्या पत्नी एस्टेला नामवंत तिरंदाज होत्या. तेव्हा तिकडे हरीण मारणे हेच पाप, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार गुन्हा ठरवली आहे आणि ते योग्यच आहे. हा लेख वाचून इकडे कोणी कामठा उचलू नये, एवढे सांगून तो विषय संपवतो.

माझे खरे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. धनुष्याने जनावराला संधी मिळते म्हणजे नेमके काय मिळते? मी त्या शरद ऋतूत चार महिने भाच्याकडे होतो. जे पाहिले ते सांगतो.

भाच्याने धनुष्य घेतले ते ऑगस्टअखेरीस. दुकानदाराने (नाव घेत नाही) त्याला साठ पौंड ओढीचे धनुष्य दिले. त्या राज्यात कायद्याला तीस पौंड पुरतात. पण तरुण माणसाला तीस पौंड कोण सुचवणार? या चाकांच्या धनुष्याचा शोध मिसुरी राज्यातील हॉलेस ॲलन यांचा, पेटंट १९६९चे. दोरी पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे बहुतेक भार हातावरून उतरतो आणि माणसाला नेम धरून थांबता येते. दोरी बोटांनी धरायचीही गरज नाही, मनगटाला बांधलेल्या आकड्याची कळ दाबली की बाण सुटतो. एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्यांनी मागितला, तो आता गुरूला मागावाच लागत नाही, असे मी गमतीने म्हटले होते. दोन आठवड्यांत भाच्याचे बाण वीस यार्डांवरच्या फोमच्या ठोकळ्यात मुठीएवढ्या जागेत बसू लागले. दुकानदार म्हणाला, “झाले, तुम्ही तयार आहात.” सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम उघडतो. भाचा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मचाणावर चढला.

ठोकळा आणि हरीण यांत काय फरक आहे, हे त्या दुकानात कोणी सांगितले नव्हते. ठोकळा ऐकत नाही. हरीण ऐकते. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. शिकारीच्या धनुष्याचा बाण साधारण पावणेतीनशे. हरीण तीस यार्डांवर असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानी आधी पोहोचतो आणि बाण तेथे जायला त्यानंतर सुमारे पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदात दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसते, आणि फुप्फुसावर नेम धरलेला बाण पाठीच्या कण्याजवळ किंवा त्याच्याही वरून जातो. म्हणजे तीस यार्डांवर अचूक मारणारा माणूस तीस यार्डांवरच्या सावध हरणावर अचूक मारू शकतोच असे नाही. ठोकळा जमिनीवरून मारलेला असतो, हरीण पंधरा-वीस फूट उंचीवरून. कोन बदलला की बाणाचा देहातला मार्ग बदलतो. ठोकळ्यावर सदऱ्यात सराव होतो, शिकार जाड कोटात, तासन् तास थंडीत आखडलेल्या खांद्यांनी. सरावाच्या बाणाला साधे टोक असते, शिकारीच्या बाणाला धारदार पाती, आणि धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर ती पाती हवेत बाणाला आपल्याच दिशेने वळवतात.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बंदुकीची गोळी आघाताने मारते; बाण रक्तस्रावाने मारतो. पुढच्या पायामागे, ताटलीएवढ्या जागेत, दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण शेदीडशे यार्ड पळते आणि काही सेकंदांत कोसळते. त्या ताटलीच्या मागे वीतभर गेला तर पोटात लागतो. मग हरीण मरते, पण बारा तासांनी, किंवा त्याहून उशिरा, कुठल्या तरी दलदलीत पडून. ‘संधी’ म्हणतात ती ही. ती जनावराला मिळत नाही, नवशिक्याला मिळते. चुकल्याचा भार मात्र जनावरावर पडतो.

भाच्याचा बाण वीतभर मागे गेला. सूर्य मावळत होता, मादी पंचवीस यार्डांवर होती, पुढे चालत होती. तिला थांबवावे, ती आडवी किंवा किंचित पाठमोरी होईपर्यंत वाट पाहावी, हे त्याने वाचले होते. पण हात थरथरत होते आणि उजेड जात होता. बाण आरपार जाऊन मागच्या पाचोळ्यात पडला होता. त्याला हिरवट लगदा चिकटला होता आणि वास येत होता. ही खूण कोणाही जाणत्याला कळते. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, गडद असेल तर यकृत, हिरवट असेल तर पोट. आणि पोट असेल तर पहाटेपर्यंत पाऊल उचलायचे नाही, कारण जखमी हरीण जवळच आडवे होते आणि हाकलले नाही तर तेथेच मरते. भाचा वीस मिनिटांत खाली उतरला. तिला उठवले. रात्री नऊ वाजता घरी येऊन मला म्हणाला, “मामा, तुम्ही बॅटरी धराल का?”

मी धरली. मक्याच्या शेताच्या कडेने आम्ही दोघे वाकून चाललो. एका पानावर थेंब, मग पंधरा पावलांवर दुसरा, मग काहीच नाही. पुढे शेवाळलेल्या पाणथळीपाशी माग संपला. दुसऱ्या दिवशी त्याने रजा काढली, शेजारच्या दोघांना बोलावले, संध्याकाळपर्यंत शोधले. मादी सापडली नाही. भाचा घरी आला आणि धनुष्य गाडीतून बाहेरही काढले नाही. तो माणूस क्रूर नाही, हे मी मामा म्हणून सांगत नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा मी पाहिला आहे.

हे एकाचेच दुर्दैव, असे कोणी म्हणेल. मेरीलँड राज्यातील एका नौदल तळावर धनुष्यशिकारीची अनेक वर्षांची नोंद ठेवली गेली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तेथे परवानगी मिळवण्याआधी प्रत्येकाला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे आणि धनुष्ये आधुनिक होती. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे अठरा टक्के सापडली नाहीत. परीक्षा दिलेल्यांची ही गत असेल, तर दोन आठवड्यांच्या सरावावर मचाणावर चढणाऱ्याची काय असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. विस्कॉन्सिनमध्ये १९७३मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा शिक्षणवर्ग करावा लागतो. धनुष्याने नेम मारून दाखवण्याची सक्ती मात्र परवान्यासाठी नाही. उलट २०१४पासून क्रॉसबोही सर्वांना खुला झाला, म्हणजे ओढ धरून ठेवण्याचे श्रमही गेले. डेन्मार्कने १९९९ साली ही शिकार कायदेशीर केली ती नेमबाजीची परीक्षा घालून. ब्रिटन आणि जर्मनी यांनी तर धनुष्याला हरणाच्या शिकारीत जागाच ठेवलेली नाही.

आपल्या पूर्वजांच्या विद्येचा दाखला देणाऱ्यांनी त्या कथा पुन्हा एकदा वाचाव्यात. दशरथाने घड्यात पाणी भरण्याचा आवाज ऐकून, न पाहता बाण सोडला आणि श्रावणाचा जीव घेतला. पांडूने रममाण झालेल्या हरणांच्या जोडीवर बाण टाकले. तो किंदम ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाला झुडपाआड श्रीकृष्णाचे पाऊल हरीण वाटले. आपल्या परंपरेतील या तीन मोठ्या बाणांच्या कथा, आणि तिन्ही वाईट बाणांच्या. न पाहता मारलेला, न थांबता मारलेला, न ओळखता मारलेला. दुष्यंताला तर बाण जोडलेला असतानाच तपस्व्यांनी अडवले, आणि त्याने तो उतरवला. पराक्रमाच्या नावाखाली ज्या गोष्टी आपण सांगतो, त्यांचे कथानक बाण न सोडण्याच्या क्षणाभोवतीच फिरते, हे आमच्या बैठकीतल्या पंडितांच्या ध्यानात कसे येत नाही?

अमेरिकेतील आधुनिक धनुष्यशिकारीचा उगमही अशाच एका गुरुशिष्यांत आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातील याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, डोंगरातून खाली आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील शल्यवैद्य सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. १९१६ साली क्षयाने इशी गेला. पोप यांचे पुस्तक १९२३मध्ये आले आणि त्यावर पुढच्या पिढ्यांनी आपला छंद उभारला. पोप यांनी नोंदवले आहे की इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि पहाटे ओढ्यावर अंघोळ करून अंगाला सुवासिक पाने चोळी, कारण हरणाचे नाक त्याला माहीत होते. त्याचे कसब लांबून मारण्यात नव्हते, जवळ जाण्यात होते. त्या छंदाच्या आजच्या दुकानात गंध लपवणारा फवारा बाटलीत मिळतो आणि अंतर मोजणारी दुर्बीण खिशात बसते. मिळत नाही ती इशीबरोबरची वर्षे.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती भाच्यालाही मी तोंडावर सांगितली. नवशिक्याने पहिला संपूर्ण हंगाम मचाणावर बसावे, धनुष्य हातात घ्यावे, हरीण आले की दोरी ओढावी, नेम धरावा आणि दोरी सावकाश परत सोडावी. बाण नको. वारा कुठून येतो, हरीण मान कधी वर करते, पुढचा पाय कधी पुढे जातो, आपले हात किती थरथरतात, हे सारे तेवढ्यात शिकता येते. मचाणावरून पडून माणसे जखमी होतात, मरतात. पट्टा बांधून चढण्या-उतरण्याची सवयही त्याच वर्षात लागते. दुसऱ्या हंगामात वीस यार्डांच्या आत, आडव्या उभ्या हरणावर, आणि तेही मागकाढणारा जाणता माणूस सोबत असेल तर.

भाच्याने ही मागणी मान्य केली नाही. तो म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता तसे कोणीच करणार नाही, वर्षभर रिकामे बसायला सांगितले तर माणूस हा नाद सोडून देईल.” धनुष्यांवरही तेथे १९७२च्या दुरुस्तीने अकरा टक्के कर बसला आहे आणि तो पैसा रान राखण्यात जातो, शिकारी कमी झाले तर तो पैसा आटेल, हाही त्याचा मुद्दा. मुद्दा खोटा नाही. पण रिकामे बसायला सांगितल्यावर जो नाद सोडील, त्याचा बाण हरणाच्या कुठे लागला असता, हे मी त्याला विचारले. त्यावर तो काही बोलला नाही.

परवा त्याचे पत्र आले. दोन हंगाम तो मचाणावर चढलाच नव्हता. या ऑक्टोबरात चढला. चाळीस पौंडांचे धनुष्य घेतले आहे. एक मादी सतरा यार्डांवर आली, त्याने दोरी ओढली, मागे पाडस आहे असे दिसले म्हणून सोडली. पाडस त्या वयात स्वतः चरू शकते आणि कायद्याला त्याची अडचण नव्हती, असेही त्याने लिहिले आहे. कोणाला पाठवायला छायाचित्र मात्र काढलेले नाही.