बादलीभर बर्फ आणि दमडीचा हिशेब

दान मागण्याच्या तऱ्हा अनेक. कोणी झोळी घेऊन दारात उभा राहतो, कोणी नाटकाची तिकिटे गळ्यात मारतो. आणि डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेऊन "आता तुम्ही ओता, नाहीतर पैसे मोजा" असे आव्हान देणारेही निघाले! २०१४ साली अमेरिकेत हा खेळ पसरला तेव्हा पुष्कळांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. परंतु शरीराचे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एका दुर्धर रोगाशी झुंजणाऱ्या तेथील संस्थेकडे अवघ्या काही आठवड्यांत सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश संशोधनासाठी राखले गेले, आणि २०१६ मध्ये त्या पैशाच्या साहाय्याने चाललेल्या संशोधनातून या रोगाशी निगडित असा एक जनुक हाती लागला.

महाराष्ट्राला तरी अशा युक्त्यांचे नवल वाटू नये. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले म्हणजे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धुरंधर; एकाच्या भक्ताने दुसऱ्याचे नाव निघताच नाक मुरडावे, असा तो काळ. एक भामिनी आणि एक धैर्यधर होऊन ते दोघे एकाच रंगभूमीवर उभे राहिले आणि त्या काळात शंभर रुपयांची तिकिटे रसिकांनी आनंदाने घेतली! तिकिटाचे मोल प्रेक्षकांनी दिले. पण आपली ईर्षा एका रात्रीपुरती विंगेत ठेवणाऱ्या त्या दोन नटांनी जे दिले, ते त्याहून अवघड होते. केशवराव तर पुढे तीन महिन्यांच्या आतच गेले.

तेव्हा तमाशा करून पैसे जमवू नका, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. २००४ पासून मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये एखाद्या संस्थेसाठी धावणारा तरुण आप्तेष्टांपुढे निःसंकोचपणे हात पसरतो, याचे आम्हांला कौतुकच आहे. आमचे भांडण आहे ते दुसऱ्या दिवशीच्या मौनाशी. पंचतारांकित हॉटेलातील मेजवानी, फॅशनचा जलसा, क्रिकेटपटूच्या बॅटीचा लिलाव यांची छायाचित्रे झळकतात. पण मंडप, दिवे, जेवणावळ आणि पाहुण्यांचे विमानभाडे वजा जाता अनाथाश्रमाच्या पदरात काय पडले, हे विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो! १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने न्यासांवर हिशेबतपासणीचे बंधन घातले आहे, हे खरे. तो हिशेब संस्थेच्या वर्षभराच्या व्यवहाराचा असतो. त्या एका रात्री दिलेल्या हजार रुपयांचे काय झाले, हे दात्याला त्यावरून उमगत नाही.

आमची मागणी अगदी साधी आहे. जमले किती, खर्च किती, पोचले किती हे तीन आकडे प्रत्येक संयोजकाने तीन महिन्यांच्या आत वर्तमानपत्रातून प्रसिद्ध करावेत, आणि तेही निमंत्रणपत्रिकेवरील पाहुण्यांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत. आम्ही त्यांना जागा देऊ.