प्लॉट नको, तंबू घ्या

मंडळी, गेल्या दिवाळीपासून आपल्या बडोद्यात मुंज असो, साठीशांत असो, की नुसतं हळदीकुंकू, पुरुषांच्या पंगतीत एकच विषय निघतो. कोकणात जागा घ्यायची. कुणाच्या मोबाइलवर समुद्राचा फोटो, कुणाच्या हातात आखलेल्या प्लॉटांचा नकाशा. "आपलं मूळ तिथलंच ना, मग एक तुकडा तरी आपला हवा." आमच्या घरीही नकाशा येऊन पडला होता. एफडी मोडायची की नाही एवढंच ठरायचं होतं. मी ह्यांना म्हटलं, विकत घ्यायच्या आधी एकदा त्या जमिनीवर झोपून तर बघू. म्हणून फेब्रुवारीत आम्ही दोघं, वय वर्षं ६३ आणि ५९, गाडीत तंबू टाकून निघालो. ११ रात्री बाहेर होतो, त्यातल्या ९ तंबूत. परत आल्यावर नकाशा रद्दीत गेला. का गेला, ते सांगते. पटणार नाही बऱ्याच जणांना, तरी वाचा.

रस्ता आम्ही गरम पाण्याच्या कुंडांवरून आखला. त्याला कारण माझे सासरे. त्यांच्या तरुणपणी दांडिया बाजारातून बिलीमोऱ्याला जायचं, तिथून गायकवाड सरकारने बांधलेल्या वघईच्या छोट्या गाडीत बसायचं आणि उनाईला उतरून कुंडात न्हायचं, हा घरचा नेम होता. गुडघ्याला उतार पडला की नाही देव जाणे, पण उनाईची आठवण त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. आम्हीही सुरुवात उनाईपासूनच केली.

उनाई, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. नावं एकामागून एक म्हणून बघा, सगळ्यांत ऊन आहे. लोकांनी गावाचं नावच पाण्यावरून ठेवलंय. पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी अठराएक ठिकाणं आहेत. कुठे पाणी अंगाला सोसेल असं कोमट, कुठे ७० अंशांच्या आसपास, हात घालायची सोय नाही. अनेकांना वाटतं खाली ज्वालामुखी आहे. तसं काही नाही. आपला काळा पत्थर ज्या लाव्ह्याचा, तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, जितकं खोल तितकं पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे कुंड दिसतं गावात, पण त्याची नळी आजूबाजूच्या डोंगराखाली कुठवर गेलेली असेल ते सातबाऱ्यावर येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शिरसाड फाट्यावरून आत वळून वज्रेश्वरीला गेलो. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर हे देऊळ बांधलं, हे आपण सगळेच ऐकून असतो. तिथला नगारखाना मात्र बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला आहे, हे आमच्या पंगतीत किती जणांना ठाऊक असेल? ह्यांनी तिथल्या पायरीवर बसून ठेपला खाल्ला आणि म्हणाले, "घे, इथे आपली जागा आधीच आहे." विनोद केला, पण मला तो विनोद वाटला नाही. गायकवाडांनी तिथे बांधलं ते सगळ्या वाटसरूंसाठी, आणि कुंपण घातलं नाही.

तंबूचं थोडं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. वाळूवर तंबू लावायचा नाही, हे आम्ही निघतानाच ठरवलं होतं. फेब्रुवारी म्हणजे कासवांच्या घरट्यांचे दिवस, आणि उजेड दिसला की पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. आम्ही गावात शिरायचो, बरंसं खळं दिसलं की विचारायचो. रात्रीचे ३०० रुपये आणि दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडचं, पैसे देऊन. एकाही ठिकाणी नाही म्हटलं नाही, प्रश्न मात्र खूप विचारले. एका वहिनी म्हणाल्या, "खुंट्या मारू नका हो, कालच सारवलंय." दुसरीकडे जांभ्यात खुंटी जाईचना, तेव्हा चार चिऱ्यांना दोऱ्या बांधल्या. ह्या वयात जमिनीवरून उठताना दोघांनी एकमेकांना हात द्यावा लागतो. लग्नाला ३५ वर्षं झाली, इतक्या वेळा हात धरल्याचं आठवत नाही.

बागमांडल्याहून जंगलजेटीत गाडी घालून वेश्वीला उतरलो आणि वेळासला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे कासवांचं काम सुरू केलं. पूर्वी अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आता गावातलीच माणसं ती काढून कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. आम्ही गेलो त्या सकाळी टोपलीखाली बारा पिल्लं होती. लोक घरांतून राहतात, पैसे घरांना मिळतात. त्या किनाऱ्यावर बंगल्यांची रांग आणि रात्रभर जळणारे दिवे असते तर टोपली उचलायला कुणी गेलं असतं का?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दाभोळची खाडी ओलांडून, गुहागर-चिपळूण करून आम्ही संगमेश्वराच्या बाजूला उतरलो. आरवली, तुरळ, राजवाडी, सगळी कुंडं महामार्गाला धरून. त्या पट्ट्यातल्या एका गावात, नाव मुद्दाम लिहीत नाही, बायकांच्या कुंडाशी मी संध्याकाळी गेले. पाणी कढत. पाय टाकला आणि काढला. आत चार बायका होत्या, एक म्हातारी आजी, दोघी शेतावरून आलेल्या, एक बाळंतीण आईसोबत. आजी म्हणाल्या, "आधी तांब्याने घे पायावर. मग बस. दहा मिनिटं, जास्त नको." साबण मी नेला नव्हता ते बघून त्यांना बरं वाटलं. गप्पा सुरू झाल्या. कुठनं आलात? बडोद्याहून. गुजराती का? नाही हो, मराठीच. मग पुढचा प्रश्न लगेच, "जागा बघायला आलाव?"

मी नाही म्हटलं. तोंडातून नाही निघालं खरं, पण नकाशा अजून गाडीच्या खणात होता. आजींनी मग सांगितलं. कुंडाकडे वरच्या वाडीतून यायची पाखाडी होती. वरचा सडा कुणीतरी बाहेरच्याने घेतला, चिऱ्याची भिंत घातली, फाटकाला कुलूप. मालक वर्षातून चार दिवस येतो. वरच्या वाडीच्या बायका आता रस्त्याने लांबचा फेरा घालून येतात, म्हाताऱ्या येतच नाहीत. "जागा त्याची, वाट कुणाची ते कागदात न्हाई," एवढंच म्हणाल्या. रागावून नाही, पाणी अंगावर घेत घेत.

आता ती भेगेची गोष्ट आठवा. उद्या तोच मालक पोहण्याच्या तलावासाठी बोअर मारेल. पाणी लागलं तर कुंडाकडे येणारं पाणी तिकडे वळू शकतं. त्याने कायदा मोडला असं कुणी म्हणणार नाही. पण जिथे आजवर कुणी तिकीट मागितलं नाही, जात विचारली नाही, तिथे बाळंतिणीला न्हायला पाणी उरणार नाही.

मला माहीत आहे काय म्हणाल. विकणारे तिथलेच आहेत, आपण नाही घेतली तर दुसरा घेईल. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पोराची फी, मुलीचं लग्न, आंबा गेलेलं वर्ष, कारणं खरी असतात. आणि दुसरा घेईल म्हणून आपणच घ्यावी, हे आपल्या पंगतीत वकील, प्रोफेसर बसलेले असताना कसं चालतं? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आमच्याकडे आलेला दलाल म्हणाला, "शेतकरी दाखल्याचं आम्ही बघून घेऊ." काय बघून घेणार, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मुळांचं म्हणाल, तर आपले पूर्वज पिलाजीराव-दमाजीरावांच्या मागोमाग इकडे आले तेव्हा तिथलं घर, शेत, देवाची पूजा मागे राहिलेल्या भावबंदांवर टाकून आले. इतक्या पिढ्या त्यांनी देवापुढे दिवा लावला. आपण कुलदैवताला जातो, अभिषेक करतो, पाकीट ठेवतो आणि त्याच दिवशी परत फिरतो. मग आता पैसे आले म्हणून त्यांच्याच वाटेवर भिंत घालायला जायचं? नातं ठेवायचं असेल तर चार रात्री खळ्यात काढा, त्यांच्या हातचं जेवा, पैसे द्या, पुढच्या वर्षी पुन्हा जा. आमचा सगळा खर्च त्या प्लॉटच्या बयाण्याच्या विसाव्या हिश्श्यातही बसला नाही, आणि तो गेला सात घरांत.

ह्यांचा अजून थोडा जीव अडकलाय, खोटं कशाला बोलू. राजापूरला उन्हाळ्याच्या कुंडावर बसून म्हणाले, "म्हातारपणी इथे राहायला काय मजा येईल." मी म्हटलं, म्हातारपण आलंय, रहा की आज रात्री. राहिलो.

कुणाला जायचं असेल तर होळीच्या आत जा, नंतर तंबूत भट्टी होते. रक्तदाब असेल तर कुंडात बसू नका, पाय सोडा. आमचा तंबू तिघांचा आहे, माळ्यावर ठेवलाय, दांडिया बाजारात घरी येऊन घेऊन जा. दोऱ्या मोजून देईन, मोजून परत घेईन. शेगडी तुमची तुम्ही आणा.