शीतपात्राची राखण

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं नववीच्या वर्गांत पदार्थाच्या अवस्था शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, "सर, अमेरिकेंत मेलेलीं माणसें गोठवून ठेवतात आणि पुढें तीं जिवंत होणार आहेत, हें खरें का?" वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण विचारणाऱ्याचे आजोबा त्याच महिन्यांत वारले होते, हें आम्हांस ठाऊक होतें. त्या दिवशीं आम्ही त्यास जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें पुरें करावें, आणि त्यावरून सुचलेला एक विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. रॉबर्ट एटिंगर या अमेरिकन पदार्थविज्ञानाच्या शिक्षकानें १९६२ सालीं एका पुस्तकांत असें मांडलें कीं, आजच्या वैद्यकास न आवरणाऱ्या रोगानें मृत्यु आला, तर देह अतिशय थंड करून राखून ठेवावा. पुढील काळच्या वैद्यकास त्या रोगावर व त्या गोठण्यावरही उपाय सांपडेल. १९६७ सालच्या जानेवारींत जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा देह प्रथम अशा रीतीनें ठेवण्यांत आला. पुढें १९७२ सालीं आल्कॉर व १९७६ सालीं एटिंगर यांचीच क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट या संस्था निघाल्या. आपल्या संस्थेंत एटिंगर यांनीं प्रथम आपल्या आईचा देह ठेवला. २०११ सालीं ते स्वतः वारले तेव्हां त्यांचाही देह तेथेंच ठेवण्यांत आला. अशा रीतीनें ठेवलेला एकही मनुष्य आजवर पुन्हां उठलेला नाहीं, व त्यास कसें उठवावें हें आज कोणासही ठाऊक नाहीं. ख्रिस्ती मनुष्याची पुनरुत्थानाची आशा तर कोणत्याही शीतपात्रावर अवलंबून नाहीं. तेव्हां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें सरळ उत्तर, "ठेवतात हें खरें, उठतात हें खरें नाहीं," असेंच द्यावें लागतें.

परंतु या संस्थांविषयीं वाचीत असतां आमचें मन त्या मोठ्या आशेपेक्षां तेथील नोकरांच्या आठवड्याच्या कामांतच अधिक गुंतलें. लोकांस वाटतें, एकदां गोठवलें म्हणजे झालें. तसें नाहीं. ज्या द्रवरूप नत्रवायूंत हे देह बुडवून ठेवतात तो शून्याखालीं १९६ अंशांवर उकळतो. त्याचें पात्र चहाच्या थर्मासासारखें दुहेरी भिंतीचें असून मधली हवा काढून घेतलेली असते. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं काढलेली ही युक्ति आहे. तरीही बाहेरची ऊब थोडथोडी आंत शिरते आणि नत्र वाफ होऊन उडून जातो. तेथें वीज गेल्यानें तत्काळ अडत नाहीं. पण नत्र संपला कीं सारेंच संपलें. म्हणून तेथील माणसें ठरल्या दिवशीं प्रत्येक पात्रांतील पातळी मोजतात, कमी झालेला नत्र भरतात, किती भरला तें लिहून ठेवतात, सांठ्याची मोठी टाकी भरून घेतात, नळ्या, औषधें व साहित्य जागच्या जागीं आहे कीं नाहीं तें पाहतात, सभासदांचीं कागदपत्रें लावून ठेवतात. या आठवड्यास जें केलें तेंच पुढल्या आठवड्यास करावयाचें, आणि त्याच्या पुढल्यासही तेंच. ज्या कार्याला शतकांची भाषा शोभते तें सारें कार्य आठवड्यांच्या या बारीक टांक्यांनीं शिवलेलें आहे.

टांका सुटला म्हणजे काय होतें, याचाही दाखला तेथेंच मिळतो. कॅलिफोर्नियांत चॅट्सवर्थ येथील एका दफनभूमींत जमिनीखालच्या तळघरांत असे कांहीं देह ठेवलेले होते. खर्चाचे पैसे येईनासे झाले, नत्र भरणें बंद पडलें, आणि देह वितळून कुजले. वर झांकण होतें. त्यामुळें कित्येक नातलगांस पुष्कळ काळ याची वार्ताही नव्हती. १९७९ सालीं हा प्रकार उजेडांत आला. इकडे त्यांच्याही आधीं ठेवलेला बेडफर्ड यांचा देह, अनेक जागा बदलाव्या लागल्या तरी, आल्कॉर संस्थेंत आजही राखलेला आहे. दोन्ही ठिकाणीं नत्र एकच, थंडी एकच. फरक पडला तो राखण करणाऱ्यांत.

ही गोष्ट दूर अमेरिकेंतली आहे, तिचें आपणांस काय, असें कोणी म्हणेल. पण तेंच द्रव आणि तसलेंच पात्र आपल्या नगर जिल्ह्यांत गांवोगांवीं आहे. १९४९ सालीं इंग्लंडांत ख्रिस्तोफर पोल्ज व त्यांचे सहकारी यांना असें आढळून आलें कीं, ग्लिसरीन मिसळून रेत गोठवलें असतां तें वितळल्यावरही सजीव राहतें. या शोधानें जगांतील गोपालनाचें रूप पालटलें. पुण्याजवळ उरुळीकांचन येथें १९४६ सालीं महात्मा गांधींनीं निसर्गोपचाराचें केंद्र काढलें व मणिभाई देसाई तेथें राहिले. त्याच मणिभाईंनीं १९६७ सालीं 'बायफ' ही संस्था स्थापिली. उत्तम वळूंच्या गोठविलेल्या रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोंचविण्याचें मोठें काम या संस्थेनें केलें. एक मात्रा म्हणजे पाव मिलिलिटराची बारीक नळी. ती ज्या नत्राच्या पात्रांत राहते त्यास आपल्याकडे सारेच 'कंटेनर' म्हणतात. राहुरी, राहाता, संगमनेर, कोपरगांव या बाजूच्या कित्येक विद्यार्थ्यांची फी दुधाच्या पगारांतून येते. तो पगार गाईवर, गाय वेळेवर गाभण राहण्यावर, आणि तें राहणें पुष्कळ अंशीं त्या कंटेनरांतील नत्राच्या पातळीवर अवलंबून असतें, हें त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानांत आलेलें असेल.

येथें आमच्या लहानपणची एक हकीकत सांगणें अवश्य आहे. आमच्या चुलत्यांची एक संकरित गाय होती. ती माजावर आली म्हणजे जवळच्या केंद्रावरील मनुष्य येऊन रेतन करून जाई. त्या वर्षीं गाय उलटली. एकवीस दिवसांनीं पुन्हां उलटली. तिसऱ्याही वेळीं तेंच. चुलत्यांनीं खुराक वाढविला, पाला औषध केलें, आणि शेवटीं गाईलाच दोष दिला. घोडेगांवच्या बाजारांत ती पडत्या भावानें विकली गेली. त्या वर्षीं थोरल्या चुलतभावाचें कॉलेजांत जाणें राहिलें, तें कायमचेंच राहिलें. पुढें कांहीं महिन्यांनीं कळलें कीं, विकत घेणाऱ्याकडे तीच गाय पहिल्याच खेपेस गाभण राहिली.

तेव्हां गांवांतील चार मंडळी केंद्रावर गेलीं व त्यांनीं पातळीची वही पाहिली. आम्हीही लहान म्हणून बरोबर गेलों होतों. पातळी मोजण्याची रीत अगदीं सोपी आहे. मोजपट्टी पात्रांत तळापर्यंत सोडावी, थोडा वेळ ठेवून बाहेर काढावी, हवेंत हालवावी. जेथपर्यंत पांढरें दंव धरतें तेवढा नत्र शिल्लक. वहींत दर सोमवारची नोंद होती, एकही वार चुकलेला नव्हता. पण चार महिने आंकडा एकच होता! जें द्रव रोज थोडथोडें उडून जातें त्याची पातळी चार महिने तिळभरही न हालावी, हें कसें व्हावें? पट्टी पात्रांत गेलीच नव्हती. लेखणी तेवढी वहींत गेली होती. मध्यंतरीं एकदां नत्राची गाडी पुरामुळें अडली, पात्र कोरडें पडलें, मात्रा निकामी झाल्या. मग गाडी आली, पात्र भरलें गेलें, आणि त्याच मेलेल्या मात्रा पुन्हां थंडींत जाऊन बसल्या.

तो मनुष्य दुष्ट नव्हता. तो गरीब होता, त्याच्याकडे गांवें पुष्कळ होतीं, आणि गाडी अडली हा त्याचा अपराध नव्हता. त्यानें त्या सोमवारीं वहींत "पात्र कोरडें" असे दोन शब्द लिहिले असते, तर मात्रा फेंकून दिल्या गेल्या असत्या, आणि आमच्या चुलत्यांचा एकवीस दिवसांपलीकडे तोटा झाला नसता. पात्र कोरडें पडलें यानें तेवढें नुकसान झालें नाहीं. तें भरलेलें आहे असें लिहिल्यानें झालें.

अशा कामांतील खरा धोका हाच आहे. मेलेली मात्रा आणि जिवंत मात्रा नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. चॅट्सवर्थचें तळघर वरून पाहणाऱ्यास पूर्वीसारखेंच दिसत होतें. शिवाय ज्याच्यासाठीं राखण करावयाची त्यास गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं: मृत मनुष्य बोलत नाहीं, गाय मुकी आहे, आणि फळ दिसावयास महिने किंवा शतकें लागावयाचीं. स्वयंपाक बिघडला तर जेवणारा तत्काळ सांगतो. येथें सांगणारा कोणीच नाहीं. म्हणून आमचें मत असें आहे कीं, जेथें चूक दिसत नाहीं व गाऱ्हाणें येत नाहीं तेथें राखणदाराच्या वहीची किंमत पात्राहूनही अधिक असते. अमेरिकेंतील त्या मंडळींची आशा आम्हांस पटत नाहीं. पण त्यांच्यापैकीं जो कोणी ठरल्या दिवशीं खरोखर पातळी मोजून खरा आंकडा लिहितो, त्याच्या त्या कामाविषयीं आम्हांस आदरच वाटतो.

राखण म्हटली म्हणजे नत्रच पाहिजे, असेंही नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवीं, राहीबाई पोपेरे यांनीं देशी वाणांचें बियाणें राखलें, आणि त्याबद्दल २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांना शाळेचें शिक्षण मिळालें नाहीं. त्यांचीं साधनें म्हणजे मातीचीं मडकीं, राख, कडुनिंबाचा पाला आणि नित्याची देखरेख. मेलेलें बीं आणि जिवंत बीं हींही मडक्यांत सारखींच दिसतात. पण पेरलें कीं माती खरें तें सांगते. म्हणून बियाणें नुसतें सांठवून भागत नाहीं; तें वेळोवेळीं पेरून, उगवून, नवें करून घ्यावें लागतें. ज्यानें स्वतः पेरून पाहिलें नाहीं त्यानें दुसऱ्यास बीं देऊं नये, हा साधा नियम शेतकऱ्याच्या घरांत कोणास सांगावा लागत नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या वहीकडे वळूं. प्रयोगशाळेंत दोलकाचा प्रयोग झाला म्हणजे विद्यार्थी आपापल्या जर्नलांत आंकडे लिहितात. गेल्या वर्षीं जर्नलें तपासतांना असें दिसलें कीं, एका बांकावरील चौघांचे आंकडे दशांश चिन्हापुढील दोन्ही स्थळांपर्यंत एकच आहेत. घड्याळ निरनिराळें, हात निरनिराळे, आणि आंकडा मात्र एक! आम्हांस तत्काळ त्या केंद्रावरची वही आठवली. परंतु दोष केवळ मुलांचा नाहीं. ज्याचे आंकडे पुस्तकाबरहुकूम आले त्यास आम्हीच पुरे गुण दिले होते, आणि ज्यानें "घड्याळ मध्येंच थांबलें, वाचन घेतां आलें नाहीं" असें प्रामाणिकपणें लिहिलें त्याचे दोन गुण आम्हीच कापले होते. ती चूक आम्ही येथें कबूल करितों. खोटा आंकडा लिहावयास मूल घरीं किंवा रस्त्यावर शिकतें असें आपण म्हणतों; पुष्कळदां तें आमच्या तांबड्या शाईकडूनच शिकतें.

यंदाच्या जूनपासून शाळेच्या आवारांतील पर्जन्यमापकाची नोंद आठवी व नववीचे विद्यार्थी आठवड्याच्या पाळीनें ठेवीत आहेत. त्या वहीचा नियम एकच आहे: जेवढें मोजलें तेवढेंच लिहावयाचें, ज्या दिवशीं मोजणें राहिलें त्या दिवसाची जागा कोरी सोडावयाची व कारण लिहावयाचें. कोऱ्या जागेसाठीं शिक्षा नाहीं. पालकांस आमची विनंति अशी कीं, संमेलनास याल तेव्हां ती वही अवश्य पाहावी. तींत आतांपर्यंत अकरा जागा कोऱ्या आहेत. एकापुढें "सुट्टी होती, विसरलों" असें लिहिलें आहे. दुसऱ्यापुढें "पाणी सांडलें, कोणी पाहिलें नाहीं" असें आहे. आपल्या पाल्याच्या नांवापुढें कोरी जागा आढळली तर त्यास रागावूं नये. जो प्रश्न विचारून या लेखास कारण झाला त्याच विद्यार्थ्याचें हें दुसरें वाक्य आहे, आणि त्यास आम्ही पुरे गुण दिले आहेत.