आरसा जाम झालाय? आधी उघडून तर बघा!

गाडीचा बाहेरचा आरसा जाम झाला तर आपण काय करतो? काहीच नाही! सीटवर थोडं वर सरकतो, मान तिरकी करतो आणि जमवून घेतो. घरात जो सगळ्यात जास्त गाडी चालवतो त्याच्या उंचीला आरसा अडकलेला असतो, बाकीचे सगळे त्याच आरशात आभाळ नाहीतर स्वतःच्याच गाडीचा दरवाजा बघत ड्रायव्हिंग करतात. मग एक दिवस बाजारात कोणाच्या तरी बाइकचं हँडल लागतं. आरसा मिटत नाही, म्हणून तुटतो. गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "पूर्ण असेंब्ली टाका."

या 'चालवून घ्या' आणि 'नवीन टाका' यांच्या मध्ये तिसरी एक गोष्ट असते. तो आरसा खोलणं. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना ती येत नाही याचं मला आश्चर्य वाटतं, आणि थोडा रागही येतो.

आमच्याकडे पेण-रोह्याच्या पट्ट्यात जाम आरसे इतके का दिसतात, ते बघा. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पेणच्या बाजूला धरमतरची खाडी, खारेपाट आणि मिठागरं, रोह्याला कुंडलिकेचं खाडीचं पाणी. म्हणजे चार महिने पाणी आणि बारा महिने खारी हवा. अशा हवेत पंधरा-वीस वर्षं उभी असलेली गाडी बघितली की कोरोजनचा अख्खा चॅप्टर दिसतो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण आमच्याकडे गल्लीगल्लीत ती अजून आहे. रायगडची एमएच-०६ ची नोंदणी पेणच्या आरटीओची. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची, तर गाडी तिथे नेऊन दाखवावी लागते. तेव्हा कुठे लोकांना आरशाची आठवण होते.

खरं तर आठवण रोज व्हायला हवी. पेणहून वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंडीतून रोहा, या रस्त्यावर कधी स्वतः गाडी चालवून बघा. मुंबई-गोवा हायवेच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. डायव्हर्जन, खड्डे, डावीकडून घुसणारी बाइक, अचानक थांबणारी मिनीडोअर, मागे हॉर्न मारत डंपर. त्यात गणपतीच्या आधी पेणला मूर्ती न्यायला येणाऱ्यांची गर्दी. मागच्या सीटवर मूर्ती, तिला धरून बसलेले काका, आणि आतल्या आरशात फक्त बाप्पाची पाठ! अशा वेळी मागचं बघायला बाहेरचे दोन आरसे सोडले तर काही उरत नाही. (जुन्या ८०० च्या कित्येक गाड्यांना डावा आरसा कंपनीकडूनच नसायचा. २००९ च्या नॅनोच्या बेसिक मॉडेललाही तो नव्हता. उलट डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटरचालक बाईंनी १९०९ सालीच पुस्तकात लिहून ठेवलं होतं की गाडीत हातात धरायचा आरसा ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडतो!)

आता मूळ मुद्दा. आरसा जाम होतो म्हणजे काय होतं? बहुतेक साध्या आरशांना दोन सांधे असतात. एक आरसा मिटण्याचा. खाली कास्टिंगचा पाया, त्यात पिन, पिनवर जोरदार स्प्रिंग, आणि आरसा जागेवर बसावा म्हणून खाचा. कास्टिंग बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं, पिन आणि स्प्रिंग स्टीलची. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आपण हाच सेल काढून मार्क मिळवलेत! यात अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पावडर होते. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि सांध्यात गच्च बसते. लोक तांबडा गंज शोधतात, तो नसतो. खरा गुन्हेगार पांढरा असतो.

दुसरा सांधा काचेच्या मागचा, प्लास्टिकचा बॉल आणि वाटी. तिथे गंज नाही, धूळ आणि वाळलेलं ग्रीस असतं. आरशाच्या तळाला पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं की आत तळं साचतं. पुष्कळदा सगळ्या दुखण्याचं मूळ हे भोक असतं, आणि ते साफ करायला एक टाचणी पुरते.

आमच्या घरच्या ८०० चा आरसा मागच्या मे महिन्यात पेणच्या एका छोट्या गॅरेजमध्ये सुटला. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी "बदला" म्हणून सांगितलं होतं. या गॅरेजमधल्या काकांनी हात लावायच्या आधी मला बजावलं, "ताई, जोर नाही लावायचा. एका पावसात जाम झालेला नाही, एका झटक्यात सुटणार पण नाही." त्यांनी सांध्यावर स्प्रे मारला आणि सरळ दुसऱ्या गाडीकडे गेले. तासाने परत स्प्रे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळणं कठीण, डिझेलवरही काम होतं. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पायाच्या कास्टिंगभोवती गुंडाळलं.

मला वाटलं हा घरगुती इलाज असेल. पण गणित करून बघा. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावतं, स्टील १२. दहा मिलिमीटरच्या पिनेचा सांधा पन्नास अंशांनी तापला की साडेपाच मायक्रॉनच्या आसपास फट पडते. तेल आत शिरायला तेवढी पुरते. काकांना आकडा माहीत नव्हता, पण फडकं कुठे गुंडाळायचं ते बरोबर माहीत होतं. मला आकडा काढता येत होता, फडकं सुचलं नसतं!

नंतर त्यांनी आरसा दोन्ही हातांनी धरून अगदी जरासा पुढे, जरासा मागे, असं करत राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी 'कट्' असा आवाज आला आणि सांधा हलला. इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात. स्प्रेने सुटलेला आरसा पुढच्या पावसात परत जाम होतो, कारण पावडर आतच असते. डब्ल्यूडी-४० या नावाचा अर्थच पाणी हटवणारं द्रव्य असा आहे. ते ग्रीसची जागा घेत नाही. म्हणून काकांनी दरवाजाच्या आतलं तिकोनी कव्हर काढून स्क्रू खोलले (बाहेरून आरसा हाताने धरून ठेवायचा, नाहीतर खाली पडून फुटतो) आणि स्प्रिंग व्हाइसमध्ये दाबून काढली. हे काम चष्म्याशिवाय करू नका, दाबलेली स्प्रिंग डोळ्याकडे येते. मग वायर ब्रश, पॉलिश पेपर, सांध्याला लिथियम ग्रीस, प्लास्टिकच्या बॉलला सिलिकॉन ग्रीस. झालं.

प्रत्येक आरसा असा वाचतो असं मी म्हणत नाही. पाया तडकला असेल तर बदलाच. मोटरच्या आरशावर हाताने जोर केलात तर आतले प्लास्टिकचे गिअर जातील. आणि काच फुटली की आपल्याकडे काचवाल्याकडून साधा आरसा कापून डबल टेपने चिकटवतात, ते मला पटत नाही. डावीकडे मुळात बहिर्वक्र काच असते, तिच्यात जास्त रस्ता दिसतो. सपाट काच लावली की नेमकी डावीकडची बाइक दिसेनाशी होते. पैसे वाचवायचे तर ग्रीसमध्ये वाचवा, काचेत नको.

२०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यात चार क्षेत्रं घेतली, मोटारगाड्या त्यातलं एक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गाड्यांसाठी असा कायदा २०१२ सालीच मतदान करून घेतला. चांगलंच आहे. पण हक्क मिळाला आणि खोलायला हातच नसले तर तो हक्क वापरणार कोण? पेणचे ते काका साठीला आले आहेत. त्यांच्याकडे काम शिकायला एकही मुलगा नाही. आणि आपण वर्कशॉपमध्ये काय करतो, तर एमएसच्या पट्टीला आठवडेच्या आठवडे कानस मारून चौकोन करतो, जॉब जमा होतो आणि वर्षअखेरीला भंगारात जातो.

फायलिंग बंद करा असं माझं म्हणणं नाही, हाताला वळण लागतंच. सिलॅबस युनिव्हर्सिटीचा असतो, तो सर बदलू शकत नाहीत, हेही मान्य. पण एखाद्या प्रॅक्टिकलला भंगारवाल्याकडून आणलेले जाम आरसे प्रत्येक बॅचला एक दिले तर कोण अडवणार आहे? खोला, फोटो काढा, कुठला धातू खाल्ला गेला ते ओळखा, जोडा. व्हायवाला पांढऱ्या पावडरीवर एक प्रश्न! त्यासाठी लागणारा व्हाइस, वायर ब्रश, पॉलिश पेपर सगळं वर्कशॉपमध्ये आहे. फक्त गरम पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उरतो, कारण हॉस्टेलमध्ये हीटिंग रॉडला बंदी आहे (असं रेक्टर सरांना वाटतं).

भंगारवाल्याकडे जायच्याही आधी, स्टाफ पार्किंगमध्ये कोपऱ्यात एक पांढरी झेन उभी असते, उजवा आरसा दोन वर्षं आत मिटलेला. ज्या सरांची असेल त्यांनी एका शनिवारी चावी द्यावी, एवढंच.