मिलिंद, पुढे?

माझं नाव मिलिंद. पण एवढ्यानं भागत नाही, हे मला तिसरीत असतानाच कळलं. नवे गुरुजी हजेरी घेत होते. माझं नाव वाचून खूश झाले. म्हणाले, "वा, काय काव्यमय नाव आहे! मिलिंद म्हणजे भ्रमर. फुलाफुलांवर बसणारा." मग मान तिरकी करून म्हणाले, "मिलिंद, पुढे?" मी आडनाव सांगितलं. गुरुजींचा भ्रमर जागच्या जागी मेला. त्यांनी हजेरीवर टिंब दिलं आणि पुढचं नाव घेतलं.

आज हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. परवा एक कार्यकर्ता पोरगा घरी आला. मोर्च्यात पुढं, घोषणेत पुढं, वर्गणीतही मागं न राहणारा. त्याला मुलगा झालाय. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, पोराला नाव सुचवा. पण असं सुचवा की त्यावरून काही कळणार नाही."

काही म्हंजे काय? त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. पेढा मात्र कडू लागला.

हा लेख त्या पोरासाठी आहे. आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, जे रस्त्यावर 'जय भीम' म्हणतात आणि पाळण्याजवळ गेल्यावर आवाज खाली आणतात.

आधी त्याची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. नावाची किंमत मोजावी लागते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती बघून अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच, फक्त अर्जदाराचं नाव बदललेलं. नावावरून दलित कळणाऱ्या अर्जांना बोलावणी कमी आली. २००७ साली हे छापून आलं. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यानं पोराचं तोंड बघितलं नाही, गाव बघितलं नाही, नुसतं नाव बघितलं आणि कागद बाजूला सारला. तेव्हा 'नावात काय आहे' असं आम्हाला कुणी शिकवू नये. नावात भाकरी आहे. नावात खोली भाड्यानं मिळणं न मिळणं आहे.

आणि हे काही आजचं नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांची वाटणीच करून ठेवलेली आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. जे शूद्राच्याही खाली ढकलले गेले त्यांच्या वाट्याला काय आलं ते आपल्या आज्या-पणज्यांच्या नावात बघा. धोंड्या, दगड्या, कचऱ्या, भिक्या. माझ्या आज्याच्या नावाचा अर्थच उकिरडा असा होता. कुणी म्हणेल, मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत अशी नावं ठेवत. खरं आहे, ठेवत. पण पाटलाच्या धोंडीचा धोंडीबा होई, धोंडीराव होई. आमचा धोंड्या मरेपर्यंत धोंड्याच राही. 'बलुतं' १९७८ साली आलं. ते लिहिणारे दया पवार हे मूळचे दगडू मारुती पवार. दगडूपासून दयापर्यंतचा रस्ता काय असतो हे ज्याला कळत नाही, त्यानं नावाच्या भानगडीत पडू नये.

१९२७ साली २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. आणि मग वस्त्या-वस्त्यांत पाळण्यातली हाक बदलली. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद. लोकांनी देव्हाऱ्यातले देव काढले आणि पोरांच्या कपाळावरचा उकिरडाही काढला. आमच्या वस्तीत 'मिलिंद' अशी हाक मारली की चार पोरं वळून बघत. दोन मिलिंद एका वर्गात, तिसरा नळावर, चौथा हॉटेलात कपबशा विसळणारा. हसू येईल, पण ज्यांच्या बापांना अर्धवट, तोडलेल्या नावानं हाक मारली जायची त्यांनी पोरांना राजाचं नाव दिलं होतं.

कुठल्या राजाचं? इथं आपली पोरं गप्प होतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्येला एक ग्रीक राजा होता. मेनान्द्रोस. त्याची राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची नाणी सापडली आहेत. एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी लिपीत प्राकृत. पालीत ह्या मेनान्द्रोसचा मिलिंद झाला. भिक्खू नागसेन आणि हा राजा यांच्यातले प्रश्नोत्तर म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. ब्रह्मदेशात हा ग्रंथ तिपिटकात धरतात. चिनी भाषेतही तो फार पूर्वीच गेला.

गंमत बघा. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. पालीत मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा यवन राजा. शब्द दिसायला एक, बाप दोन. म्हणून हे नाव गावकुसाच्या दोन्ही बाजूंना आहे. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे १९४९ साली जन्मले, म्हणजे दीक्षेच्या आधी. मॉडेल मिलिंद सोमण १९६५ साली. इकडे दलित उद्योजकांची 'डिक्की' २००५ साली काढणारे मिलिंद कांबळे. नाव एकच, पण गुरुजींचा प्रश्न येतोच. मिलिंद, पुढे?

म्हणून 'मिलिंद हे फक्त आपलंच नाव' असं जे आपल्यातले काही छाती फुगवून सांगतात त्यांनाही सांगतो, तसं नाही. कुणाही नावाचा सातबारा कुणाकडे नसतो. आपलं काय आहे? आपण ज्या मिलिंदावरून नाव ठेवलं तो आपला आहे. फुलावरचा नव्हे, सागलचा.

आणि तो का आपला? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवनांचीही गणती आहे. क्रिया सुटल्या, ब्राह्मणांचं दर्शन सुटलं म्हणून शूद्रपणाला गेलेले, अशा यादीत यवन बसवलेले आहेत. म्हणजे ज्याचं राज्य होतं त्यालाही ह्या लोकांनी खालचीच पायरी दाखवली. बुद्धाच्या संघाजवळ आला तेव्हा मात्र त्याला कुणी 'पुढे?' विचारलं नाही. नागसेनानं त्याला एकच अट घातली. वाद पंडितासारखा घालणार असशील तर बोलतो, राजासारखा घालणार असशील तर बोलत नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली तर माणूस चिडत नाही, कबूल करतो. राजांच्या वादात जो विरोध करतो त्याला दंड होतो. मिलिंदानं पंडिताची अट मानली.

आता ह्याच ग्रंथात पहिलाच प्रश्न कशाबद्दल आहे? नावाबद्दल! राजानं नाव विचारलं. नागसेन म्हणाला, लोक मला नागसेन म्हणतात, पण ती नुसती संज्ञा आहे, तिच्या आत कुणी नागसेन बसलेला नाही. राजा म्हणाला, मग चीवर कोण घेतो, शील कोण पाळतो? नागसेनानं उलटा प्रश्न टाकला. तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? जू म्हणजे? नाही, नाही, नाही. हे सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणायचं. नावाचंही तसंच.

पोरा, आता हाच रथ आपण वस्तीत आणू. जात दाखव. नावात आहे? नाव बदललं, तरी आहे. आडनावात? तेही बदललेले पुष्कळ आहेत, तरी आहे. ती विहिरीवर आहे, लग्नाच्या मांडवात आहे, बढतीच्या फायलीत आहे, 'तुमचं मूळ गाव कुठलं' ह्या गोड प्रश्नात आहे. हे सगळे सांधे जुळवून धरणारे हात आहेत म्हणून ती चालते. तू पोराचं नाव असं ठेवशील की काही कळणार नाही. मग ते आडनाव विचारतील. ते बदलशील, तर गाव विचारतील. गाव लपवशील, तर घरी येऊन भिंतीवरचा फोटो बघतील. तो फोटोही काढशील का? सांग, काढशील?

आणि तू काढलास तरी पोराला काय देशील? भीती. आज कळेल, उद्या कळेल, ही भीती. आज्याला शिवी मिळाली होती, ती तोंडावर होती. तुझ्या पोराला धाक मिळेल, तो पोटात असेल. सांगतो ते ऐक. अर्ज बाजूला सारणाऱ्याचा हात धरायला चळवळ पाहिजे, कायदा पाहिजे. पोराचं नाव लपवून तो हात थांबत नाही. तो फक्त शेजारच्या पोराच्या अर्जाकडे वळतो.

नावासाठी माणसं मेलीत, हे विसरायचं का? १९७८ साली २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचिराम कांबळे त्याच साली मारले गेले. गौतम वाघमारे यांनी १९९३ साली नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. १९९४ साली १४ जानेवारीला नाव लागलं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. सोळा वर्षं एका पाटीसाठी! कारण ज्यांना ते नाव नको होतं त्यांना नावात काय असतं ते पक्कं ठाऊक होतं. आणि आपण पाळण्यातली पाटी आपणहून उतरवायची?

पण थांबा. टाळ्या वाजवू नका. दुसरी बाजू आपल्याच अंगावर येते.

आपण पोराचं नाव मिलिंद ठेवलं आणि पुढं काय केलं? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. पुढं त्याचं नाव मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्याचं नाव जमिनीला. ह्याहून स्वच्छ धडा कुणी घालून देईल? तिथं म. ना. वानखेडे होते, गंगाधर पानतावणे होते. खेड्यातनं आलेली पोरं तिथं लिहू लागली. आपण लिहितो वाचतो ती ही पानं त्या प्रश्नांचीच पोरं आहेत.

आणि आज? आपल्या सभेत एखादा पंधरा वर्षांचा मिलिंद उभा राहतो. विचारतो, वर्गणीचा हिशेब कुठाय? गट चार का झाले? बहिणीला बोलायला माईक का देत नाही? आपण काय म्हणतो? "खाली बस. लहान आहेस." कुणी त्याला फितूर ठरवतं. म्हणजे आपण राजासारखा वाद घालतो, पंडितासारखा नाही. भिंतीवर बुद्ध आणि जिभेवर दंड! नाव सागलचं ठेवलं आणि वागवलं भुंग्यासारखं. ह्या फुलावरून त्या फुलावर, ह्या नेत्याकडून त्या नेत्याकडे.

आस काढली, चाकं काढली, तर रथ राहत नाही, लाकडं राहतात. प्रश्न काढून घेतला की मिलिंद राहत नाही, साडेतीन अक्षरं राहतात. मग ते नाव म्हणजे जातीची नवी पाटीच. जुनी शेजाऱ्यानं लावली होती, नवी आपण लावली एवढाच फरक.

तेव्हा पोरा, तुझ्या मुलाचं नाव मी सांगत नाही. मिलिंदच ठेव असा माझा हट्ट नाही. तुला आवडेल ते ठेव, तुझ्या बायकोला विचारून ठेव. पण भीतीनं ठेवू नको. आणि ज्या दिवशी ठेवशील त्या दिवशी चार माणसं बोलाव, मेनान्द्रोसची गोष्ट सांग, आज्याच्या नावाचीही सांग. वर्षावासात विहारात 'मिलिंदपञ्ह' वाचायला घे. आणि पोरगं बोलायला लागलं, 'का' म्हणायला लागलं, की त्याला खाली बसवू नको.

एक दिवस त्यालाही कुणीतरी मान तिरकी करून विचारील, "पुढे?" त्याला आडनाव सांगू दे, मोठ्यानं सांगू दे. आणि मग त्यानंच उलटं विचारावं, "तुम्हाला कशाला पाहिजे?"

जय भीम.