पाचवीतला मुलगा आणि अक्षरांचा तक्ता

झांबियाच्या पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या अनेक सरकारी शाळांत रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवली जाते. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं आपापले वर्ग सोडतात आणि नवे गट करून बसतात. अक्षरओळख नसलेली मुलं एकीकडे, शब्दापर्यंत पोचलेली दुसरीकडे, परिच्छेद वाचणारी तिसरीकडे. पाचवीतला थोराड मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी मांडी घालून ‘मा, मे, मी, मो, मू’ म्हणतो, कारण तेच त्याला अजून येत नसतं. या कार्यक्रमाचं नाव ‘कॅच अप’. २०१६ साली ८० शाळांत तो चाचणीदाखल सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत अठराशेच्या आसपास शाळांत पोचला. आफ्रिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे इमारती, दप्तरं आणि संगणकांची चर्चा होते. मला त्या सगळ्यापेक्षा हा एक तास मोलाचा वाटतो.

शाळेचं दार उघडण्याचं काम त्या खंडातल्या बऱ्याच सरकारांनी केलं आहे आणि त्यासाठी मोठी किंमतही मोजली आहे. मलावीने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं, तेव्हा एका वर्षात पट १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेला. हजारो नवे शिक्षक जेमतेम काही आठवड्यांच्या तयारीवर वर्गात उभे केले गेले. एकेका वर्गात शंभरावर मुलं, बाक नाहीत, काही ठिकाणी झाडाखाली शाळा. केनियाने २००३ मध्ये फी रद्द केली. पुढच्याच वर्षी एल्डोरेटमध्ये किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत दाखल झाले. बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं ही त्यांची इच्छा होती. ‘तिकडच्या लोकांना शिक्षणाची आस नाही’ असं म्हणणाऱ्यांनी मारुगे आजोबांकडे पाहावं. आस नेहमीच होती. अडसर होता तो पैशाचा.

तरीही २०२२ मध्ये जागतिक बँक आणि तिच्या सहकारी संस्थांनी मांडलेला अंदाज असा आहे की सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दहा वर्षांच्या दर दहा मुलांपैकी जवळपास नऊ मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. यात शाळेत न जाणारी मुलं आहेतच, पण रोज हजेरी लावणारीही पुष्कळ आहेत. हजेरीपटावर नाव आहे, अंगावर गणवेश आहे, परीक्षेचा नंबर आहे, आणि वाचता येत नाही. अशा मुलाला सरकारी भाषेत ‘शिकत असलेलं मूल’ म्हणतात. माझ्या मते ही त्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची फसवणूक आहे.

हे का होतं, याचा एक धागा केनियाच्या पश्चिमेकडच्या बुसिया भागात सापडतो. १९९० च्या दशकात तिथल्या शाळांत अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही शाळांना पाठ्यपुस्तकं मोफत दिली, काहींना दिली नाहीत, आणि मग परीक्षेचे गुण तपासले. पुस्तकं मिळालेल्या शाळांचे सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. ती पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बुसियातल्या बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा: घरी एक बोली, बाजारात किस्वाहिली, शाळेत इंग्रजी. अभ्यासक्रम शहरी, शिकल्यासवरल्या घरांतली मुलं डोळ्यांसमोर ठेवून आखलेला. ज्या मुलाला पहिलं पानच वाचता येत नाही, त्याच्या हातात दोनशे पानं दिल्याने त्याचं काय भलं होणार? क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुस्तकांचा तो प्रयोग मात्र मदत वाटणाऱ्यांना अजूनही पुरता पचलेला दिसत नाही.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्यावर पोर्शन पूर्ण करण्याचं दडपण असतं, तपासणीला येणारा अधिकारी किती धडे झाले तेच विचारतो, आणि शेवटच्या परीक्षेवर मुलाचं पुढचं सगळं ठरतं. मग शिक्षक समोरच्या दहा-बारा हुशार मुलांकडे पाहून शिकवतो. मागच्या बाकांवरची मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात. त्यांच्या वह्या भरलेल्या असतात, आणि त्यातली ओळ वाच म्हटलं की मान खाली जाते.

झांबियातल्या त्या तासाची मुळं मुंबईत आहेत, हे मराठी वाचकाला माहीत असावं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘प्रथम’ सुरू केली. पुढे महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना वर्गातून थोडा वेळ बाहेर काढून वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी शिकवू लागली. तिला बालसखी म्हणत. मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला काय येतं, हे ती आधी पाही. २००५ पासून ‘असर’ पाहणीचे स्वयंसेवक गावोगाव घरी जाऊन हेच पाहू लागले. मुलाच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथे अडेल तिथे खूण करायची. दारात आई उभी असते. तीन वर्षं शाळेत पाठवलेला आपला मुलगा दुसऱ्याच शब्दाला थांबला, हे ती स्वतः पाहते. तिला वेगळा अहवाल वाचून दाखवावा लागत नाही.

केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ ही पाहणी २००९ च्या सुमारास याच धर्तीवर उभी राहिली. तिसरीतल्या दहा मुलांपैकी तिघांनाच दुसरीचं काम जमतं, असं तिच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतून समोर आलं आणि तिथल्या मंत्रालयांना उत्तरं द्यावी लागली.

पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याचा हा उपाय सगळीकडे सहज रुजला, असं मात्र नाही. घानात २०१० च्या सुमारास सरकारी शिक्षकांना याचं प्रशिक्षण दिलं. तपासायला लोक गेले तेव्हा फार थोड्या वर्गांत पातळीप्रमाणे गट केलेले आढळले. मदतनीस म्हणून नेमलेल्या तरुणांचं मानधन वेळेवर मिळेना. भारतातही बिहार-उत्तराखंडचा अनुभव असाच होता. हरियाणात तो जमला, कारण वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास राखला होता आणि वर्गात येऊन शिक्षकाच्या शेजारी बसणारं कुणीतरी होतं. झांबियाने हे हेरलं. तिथे आपल्या केंद्रप्रमुखासारखे अधिकारी शाळाशाळांत जाऊन शिक्षकांसोबत तो तास घेतात. मातृभाषाही सोबतीला आहे: पूर्वेकडे न्यांजा, दक्षिणेकडे टोंगा. लुसाकातलं प्रकरण जरा अवघड आहे. तिथल्या गल्लीत मुलं बोलतात ती शहरी न्यांजा पुस्तकातल्या न्यांजापासून बरीच दूर गेली आहे, आणि ‘आपली भाषा’ म्हणून दिलेला धडाही काही मुलांना परका वाटतो. यावर अजून नीट तोड निघालेली नाही.

आणि पैसा. झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये परकीय कर्जाचा हप्ता चुकवून बसला. त्याच देशाने २०२२ पासून बारावीपर्यंतची फी माफ केली आणि त्या वर्षी तीस हजारांहून अधिक शिक्षक भरले. अशा धैर्याला मी मनापासून दाद देतो. पण फी माफ झाल्यावर वर्ग पुन्हा तुडुंब भरले, म्हणजे वाचनाच्या तासाची गरज वाढली, आणि नेमक्या याच काळात बाहेरचा आधार सुटला. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत वाचनाचे कार्यक्रम अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेच्या पैशावर चालत होते. ती १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. परक्या सरकारच्या मर्जीवर मुलांचं वाचन सोडणं चुकीचंच होतं. पण ज्या मुलाला आज आठवं वर्ष लागलंय, त्याने धोरण सुधारेपर्यंत थांबायचं कसं?

या तासाला लागणारा खर्च अवाढव्य नाही. अक्षरतक्ते, काड्यांचे जुडगे, शिक्षकांचं काही दिवसांचं प्रशिक्षण आणि शाळाशाळांत फिरणाऱ्या माणसाच्या मोटरसायकलचं पेट्रोल. या पेट्रोलच्या पैशासाठी फलक लागत नाही, फीत कापली जात नाही, म्हणून तो देणारा दाता विरळा. नैरोबी, दार-ए-सलाम, लुसाका इथे नोकरी-धंद्यासाठी राहणारे मराठी लोक हे सदर वाचतात. तुम्ही किंवा तुमची कंपनी एखाद्या शाळेला मदत देणार असाल, तर आधी त्या शाळेत जा, चौथीच्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या भाषेतला चार ओळींचा उतारा वाचायला सांगा, आणि जे ऐकू येईल त्यावरून पैसे कशासाठी द्यायचे ते ठरवा.