निकालपत्रातले प्राध्यापक

मागे एका शिबिरात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, १९३७चा शरियत कायदा जर अल्लाहचा कायदा असेल, तर त्यातून शेतजमीन का वगळली?" सभागृहात चुळबुळ झाली. दोनतीन ज्येष्ठांना प्रश्न आवडला नाही. मला मात्र फार बरं वाटलं. असा प्रश्न टीव्हीवरची भांडणं बघून सुचत नाही, त्यासाठी त्या कायद्याचं कलम २ स्वतः वाचावं लागतं.

उत्तर अगदी रुक्ष आहे. १९३५च्या कायद्याने शेतजमिनीचा विषय प्रांतांकडे दिला होता, त्यामुळे केंद्रीय विधिमंडळाला त्यात हात घालता येत नव्हता. शिवाय दत्तक आणि मृत्युपत्र या बाबी एखाद्याने तशी रीतसर घोषणा केली तरच त्याला लागू होतील, असंही कलम ३मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे हा कायदा माणसांनी विधिमंडळात बसून, त्या काळच्या अडचणी सांभाळून केला. आपल्या पर्सनल लॉबद्दलचा सगळ्यात मोठा घटनात्मक वाद नेमका इथेच सुरू होतो.

या वादाचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर नरसू अप्पा माळी खटला आला. हिंदूंना दुसरं लग्न करण्यास बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६चा कायदा भेदभाव करतो, मुसलमानांना तशी बंदी नाही, अशी तक्रार होती. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा वैध ठरवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळं आहे, असं ते म्हणाले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट म्हणाले, आणि तीच पुढे सत्तर वर्षं पुरली. संविधानाच्या अनुच्छेद १३मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी-परंपरा येतात, पण व्यक्तिगत कायदा येत नाही. म्हणून तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येणार नाही. हे सांगणारे छागला स्वतः मुसलमान, आणि न्यायमूर्ती होण्याआधी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात घटनात्मक कायदा शिकवणारे प्राध्यापक होते.

त्याच कॉलेजचे एक प्राचार्य म्हणजे आसफ अली असगर फैजी. जन्म माथेरानचा, १८९९चा. १९३८ ते १९४७ ते प्राचार्य होते. १९४९ साली आलेलं त्यांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक आजही वकिलांच्या टेबलावर असतं. १९६३ साली त्यांनी 'अ मॉडर्न अ‍ॅप्रोच टू इस्लाम' लिहिलं. त्यात धर्म आणि कायदा वेगळे करून पाहा, श्रद्धा टिकते आणि कायदा बदलतो, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्याकडे सुधारणेचं नाव काढलं की दलवाईंची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. पण फैजींची होत नाही. कदाचित त्यांनी मोर्चा काढला नाही म्हणून.

२२ ऑगस्ट २०१७ला तिहेरी तलाकचा निकाल लागला. 'सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक घटनाबाह्य ठरवला' असं मीही त्या दिवशी उत्साहाने लिहून टाकलं. कायदा शिकवणाऱ्या एका मित्राचा रात्री फोन आला. "निकालपत्र वाचलंस का?" वाचलं नव्हतं. त्याने समजावलं ते असं. घटनाबाह्य म्हणणारे न्यायमूर्ती दोनच, नरिमन आणि लळित. त्यांचं म्हणणं, १९३७चा कायदा विधिमंडळाने केला आहे, तो या तलाकला मान्यता देतो, म्हणून तो अनुच्छेद १३मध्ये येतो आणि समानतेच्या कसोटीवर मनमानी ठरतो. कुरियन जोसेफ यांना हे पटलं नाही. १९३७चा कायदा तलाकचं नियमन करतच नाही, असं ते म्हणाले. जे कुरआनला मान्य नाही ते शरियत होऊ शकत नाही, एवढ्यावर त्यांनी तो तलाक रद्दबातल धरला. खेहर आणि नझीर अल्पमतात राहिले. तीन विरुद्ध दोन, पण त्या तिघांची वाट एक नाही. म्हणजे नरसू अप्पाचा प्रश्न तिथेच राहिला. पुढच्या वर्षी शबरीमलाच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी त्या जुन्या निकालावर कडक टीका केली, पण ते एका न्यायमूर्तींचं मत होतं.

माझ्या लेखाची दुरुस्ती मी छापली. ती किती जणांनी वाचली, देव जाणे.

नंतर शिक्षा म्हणून निकालपत्र वाचायला घेतलं, आणि तिथे माथेरानचे फैजी भेटले. फर्ज, मंदूब, जाइज, मकरूह, हराम ही कृत्यांची पाच प्रकारची वर्गवारी नरिमन यांनी त्यांच्या पुस्तकातून घेतली आहे. तिच्या आधाराने ते म्हणतात, जे धर्मालाच नापसंत आहे ते धर्माचं अत्यावश्यक अंग कसं होईल? १९८१ साली वारलेल्या एका प्राध्यापकाची वर्गवारी छत्तीस वर्षांनी देशातल्या मुस्लिम बायकांच्या कामी आली. खेहर यांच्या निकालात प्रा. ताहिर महमूद यांच्या पुस्तकातली, वेगवेगळ्या देशांनी केलेल्या कायद्यांची माहिती आहे. इजिप्तने १९२९ सालीच एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले होते. वर्तमानपत्रांनी मात्र पाच न्यायमूर्ती पाच धर्मांचे, याचीच बातमी केली.

अभ्यासक नेहमी आपल्या सोयीचं बोलतील असंही नाही. २०१९च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, तेव्हा फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस आणि प्रा. फैजान मुस्तफा यांनी विरोध केला. असा तलाक सिद्धच होत नसेल तर लग्न कायम आहे, मग गुन्हा कशाचा आणि नवरा आत गेल्यावर पोटगी कोण देणार? २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने आणि आपल्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटलं होतं की तोंडी तलाकचा नुसता दावा पुरत नाही. सबब आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. आमच्यातले काही या टीकेवर रागावले, प्रतिगाम्यांना बळ मिळतं म्हणाले. मला तो राग चुकीचा वाटतो. तलाकपीडित बाईच्या हातात शेवटी काय पडतं, हे विचारणारा माणूस आपल्याच बाजूचा आहे.

अडचण एवढीच की हे सगळं इंग्रजीत आहे. भिवंडीतल्या, मालेगावातल्या किंवा मिरजेतल्या मुलापर्यंत पोहोचतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा चार ओळींचा फॉरवर्ड, कधी मौलानांचा, कधी एखाद्या पक्षाचा. म्हणून आम्ही ठरवलंय की पुढच्या अंकापासून नरसू अप्पा निकालाचा मराठी सारांश क्रमशः द्यायचा. पहिला भाग शेतजमिनीचा प्रश्न विचारणारी ती मुलगीच लिहिते आहे. तिचा पहिला मसुदा आलाय. छागलांशी तिचं दोन ठिकाणी पटलेलं नाही, आणि एका ठिकाणी माझ्याशीही.